फुटाला एक सूत

आमच्या घरात एक लढाऊ जहाज आहे. ते शिलाई मशीनवर उभं आहे आणि त्यामुळे गेली चार वर्षं आमच्याकडची शिलाई बंद आहे. दुसरीकडे ठेवणार कुठे? भाईंदरच्या नवघर रोडवरचं आमचं घर एजंटच्या भाषेत वन बीएचके आहे. त्यातला 'बी' सापडायला पाहुण्यांना थोडा वेळ लागतो. जहाज टीव्हीवर ठेवावं तर हल्लीच्या टीव्हीला वरचा भागच नसतो. फ्रिजवर ठेवावं तर दार आपटलं की वादळ येतं. देव्हाऱ्याशेजारची जागा मी एकदा सुचवून पाहिली होती. तो विषय मी परत काढलेला नाही.

जहाजाचं नाव 'ट्रिंकोमाली'. लाकडाचं, तीन डोलकाठ्यांचं. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात ते करायला घेतलं. घरी येणारे लोक त्याच्याकडे पाहून तीनपैकी एक प्रश्न विचारतात. पुरुष विचारतात, "केवढ्याला जाईल?" बायका हिला विचारतात, "हे पुसता कसं हो?" आणि मुलं विचारतात, "पाण्यात तरंगतं का?" जाणार नाही, पुसत नाही आणि तरंगणार नाही, अशी तीन उत्तरं माझ्याकडे तयार असतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र चौथा प्रश्न विचारला. "पण काका, हे करून होतं काय?" मी म्हटलं, "जहाज होतं." ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग मेंटेनन्सचं बिल देऊन गेले.

खरं म्हणजे नवघरात प्रतिकृतीचं कोणाला अप्रूप वाटायला नको. इथली निम्मी माणसं प्रतिकृती पाहूनच राहायला आलेली आहेत. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ती असायची. पांढऱ्या इमारती, हिरव्या स्पंजची झाडं, निळा रंग दिलेलं तळं आणि गेटपाशी दोन मोटारी. मीही त्या काचेला नाक लावून उभा राहिलो होतो. त्या वेळी माझं लक्ष आपली खिडकी कोणती याकडे होतं. आज विचार केला तर जाणवतं की तिथलं झाड दोन मजल्यांएवढं होतं आणि मोटार झाडाच्या बुंध्याएवढी. पुढे जहाजाच्या नादाला लागल्यावर अशाच एका ऑफिसात मी मुद्दाम विचारलं, "याचं प्रमाण काय धरलंय?" तिथला मुलगा गोड हसून म्हणाला, "अंकल, ये तो सिर्फ दिखाने के लिए है." त्या पेटीत कधीही पाण्याचा टँकर नसतो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

जहाजाच्या प्रतिकृतीत अशी सूट नाही. तिथे टँकर असेल तर तो दाखवावाच लागतो, आणि प्रमाणात दाखवावा लागतो.

मी मूळचा घाटावरचा. आमच्या सात पिढ्यांत कोणी होडीत बसल्याची नोंद नाही. मला पोहता येत नाही आणि जेसल पार्क चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या दिवशीसुद्धा मी आरतीचं तबक धरून कोरड्या बाजूला उभा राहतो. पण नोकरीची सगळी वर्षं मी चर्चगेटला उतरून फोर्टातल्या ऑफिसात जायचो, आणि त्या वाटेवर लायन गेट लागायचं. नौदलाच्या गोदीचं ते फाटक, दोन बाजूंना दोन सिंह, आणि मग लांबच लांब भिंत. उन्हाळ्यात त्या भिंतीची सावली पडते, एवढाच तिचा माझ्याशी संबंध. भिंतीपलीकडे काय चालतं, काय चाललं होतं, हे मला कधी पडलं नव्हतं. मस्टर बंद व्हायच्या आत पोचायचं असायचं.

निवृत्त झाल्यावर, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय लागल्यावर, मला कळलं की त्या भिंतीपलीकडे बांधलेलं एक जहाज अजून पाण्यावर आहे. १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईच्या गोदीतून ते पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाच्या गावी उभं आहे. ब्रिटनची तरंगती लढाऊ जहाजं मोजायला घेतली तर सगळ्यात म्हातारं हेच. बांधणारे वाडिया. त्यांचे मूळपुरुष लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, आणि पुढे दीड शतकभर त्या घराण्याने इथे जहाजं बांधली. लाकूड मलबारचा साग. इंग्लंडमध्ये ओक कमी पडायला लागला होता, आपला साग टिकायचा, म्हणून विलायतेच्या आरमाराने जहाज मुंबईत बांधून घेतलं. मला एकदम कानकोंडं झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं ज्या भिंतीच्या सावलीतून गेलो तिची साधी चौकशी मी केली नव्हती. प्रायश्चित्त म्हणून हे जहाज करायचं ठरवलं. प्रायश्चित्त आपण घ्यायचं आणि ते बायकोने भोगायचं, अशी आपल्याकडे रीतच आहे.

या जहाजाच्या जन्माची कथा वाचून माझा धीर वाढला. त्याचे नकाशे घेऊन इंग्लंडहून 'जावा' नावाचं जहाज निघालं होतं. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याची अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'शी गाठ पडली, लढाईत ते हरलं आणि नकाशेही त्याच्याबरोबर गेले. मुंबईत वाडिया नकाशाची वाट बघत बसलेले! मग दुसरी प्रत पाठवावी लागली. माझा नकाशा अटलांटिकमध्ये बुडाला नाही, तो झेरॉक्सच्या दुकानात बुडाला. सोळा कागदांवर छापून ते चिकटवायचे होते. दुकानातल्या मुलाने आपणहून, काही न विचारता, प्रत्येक कागद 'फिट टू पेज' करून दिला. मी घरी येऊन कणा कापला, बरगड्या कापल्या, आणि पंधरा दिवसांनी पट्टी लावली तर सगळं जहाज सात टक्क्यांनी लहान. बेचाळीस तुकडे कचऱ्यात गेले. वाडियांना दुसरी प्रत यायला कितीतरी महिने लागले असतील. मला अर्धा तास लागला. पण दुःख प्रमाणातच होतं.

आणखी एक गंमत. हे जहाज ज्या वर्गातलं, त्या वर्गाचा आराखडाच इंग्रजांनी 'एबे' नावाच्या फ्रेंच जहाजावरून उचलला होता. ते त्यांनी १७८२ मध्ये पकडलं होतं. म्हणजे फ्रेंचांच्या जहाजाची इंग्रजांनी केलेली नक्कल, ती मलबारच्या सागात उतरवली मुंबईच्या पारशांनी, आणि तिची नक्कल नवघरात करतोय साताऱ्याकडचा एक निवृत्त हेडक्लार्क. उभी हयात खरी प्रत वर ठेवून कार्बन कॉपी फायलीला लावण्यात गेली. चौथी कॉपी नेहमी पुसटच येते, हे मला कोणी सांगायला नको.

लाकडाचा प्रश्न आला तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी फर्निचरच्या गाळ्यात गेलो. तिथले मेस्त्री विजयदुर्गाकडचे. सागाचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, ते मागितले. मेस्त्री म्हणाले, "होया तेवढा घेवा. पण ह्येचा करतलास काय?" मी त्यांना एकास शहाण्णव प्रमाण म्हणजे काय ते समजावू लागलो. खऱ्या जहाजाचे शहाण्णव इंच म्हणजे आपला एक इंच, म्हणजे आठ फुटांना एक इंच, म्हणजे... त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "फुटाक सूत! असा सांगा ना सरळ."

मी थक्क झालो. एका इंचाची आठ सुतं, हे आपल्याकडे कुठल्याही सुताराला ठाऊक असतं. आठ फुटांना एक इंच म्हणजे एका फुटाला एक सूत. पुस्तकात एक पानभर समजावून सांगितलेलं प्रमाण मेस्त्रींनी दोन शब्दांत संपवलं. तिथून पुढे मी सगळं जहाज सुतात मोजायला लागलो. तोफांचा मजला दीडशे फूट, म्हणजे दीडशे सूत, दीड फुटाहून जरा जास्त. रुंदी चाळीस फूट, म्हणजे चाळीस सूत, पाच इंच. मी स्वतः साडेपाच सूत. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, मी सुतावरून निदान हार्टलपूल गाठीन असं वाटलं. मेस्त्रींशी माझं सूत जमलं ते तेव्हापासून.

कणा बसवायच्या दिवशी मला चांदीच्या खिळ्याची आठवण झाली. पारशांच्या रीतीप्रमाणे 'ट्रिंकोमाली'च्या कण्यात एक चांदीचा खिळा ठोकला होता, जहाजाचं भलं व्हावं म्हणून. मी ही गोष्ट हिला सांगितली. अगदी सहज सांगितली. ही काही न बोलता आत गेली आणि मोडक्या पैंजणाची एक कडी घेऊन आली. "हे घ्या. सोन्याची रीत असेल तर जहाज अर्धवटच राहू द्या." ती कडी सरळ करून मी कण्यात ठोकली. नंतर वरून फळ्या बसल्या. आता ती कोणाला दिसत नाही.

कणा आणि बरगड्या उभ्या राहिल्या की जहाज माशाच्या काट्यासारखं दिसतं. त्यावर फळ्या चढवायच्या, हे काम सगळ्यात अवघड. फळी म्हणजे दीड सूत रुंदीची, नखाएवढ्या जाडीची सागाची पट्टी. ती वाकवायची. रात्रभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी वाफवायची. आमच्या घरात वाफवण्याचं साधन एकच. एका रविवारी इडल्यांना सागाचा वास आला आणि माझं जहाज उघडकीला आलं. वाफवलेली फळी बरगडीवर दाबून धरायला चिमटे लागतात. बाजारात मिळतात ते भारी पडतात. कपड्यांचे प्लास्टिकचे चिमटे मात्र अगदी बेताच्या ताकदीचे असतात. त्या पावसाळ्यात आमचे तीन टॉवेल, एक परकर आणि माझा बनियन पहिल्या मजल्याच्या पत्र्यावर सापडले. "अहो, निदान खिडकीच्या बाजूचे चिमटे तरी परत द्या," असं ही म्हणायची. मी म्हणायचो, "गोंद सुकू दे." चार दिवस गोंदच सुकत होता, कपडे नव्हे.

तरी फळ्या बसेनात. मधल्या भागात नीट बसायच्या आणि पुढे नाळेकडे गेल्या की एकमेकींवर चढायच्या, मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर चढतात तशा. मी पुन्हा पुन्हा तासत होतो आणि पुन्हा पुन्हा तेच. एके दिवशी ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "टक्स घातलेत का?" मी म्हटलं, "कशाला?" "अहो, सपाट कापड गोल अंगावर बसवायचं तर टक्स घालावे लागतात. ब्लाऊजचं कापड सगळीकडे सारखं रुंद ठेवलं तर काखेत गोळा होणारच." मी पुस्तक उघडून पाहिलं. ते पान मी चार वेळा वाचलं होतं. प्रत्येक फळी मध्ये रुंद आणि टोकाला निमुळती करावी, कारण जहाजाचा घेर पुढे कमी होतो, असं त्यात बाराव्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं. चार वर्षं जिचं शिलाई मशीन मी अडवून ठेवलं, तिने मला जहाजबांधणी शिकवली. दोराला मेण लावायचं तेही तिनेच सांगितलं. सुताला बारीक लव असते, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण डोलकाठीवर चढवल्यावर दोरखंडाला दाढी आल्यासारखी दिसते. मेणबत्तीवरून दोरा ओढला की ती बसते.

दोरांबद्दल आणखी सांगायचं तर तेही फार आहे. खलाशांना वर चढायला दोरांच्या शिड्या असतात, त्यांच्या प्रत्येक पायरीला प्रत्येक उभ्या दोरावर एक गाठ. एका बाजूच्या एका शिडीला दीडशेच्या वर गाठी झाल्या तेव्हा मी मोजणं सोडलं. हिने मात्र एवढंच मोजलं की लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि या माणसाने एक बटण लावलेलं नाही.

तोफगोळ्यांची अडचण मिसळणाच्या डब्याने सोडवली. 'ट्रिंकोमाली'च्या मुख्य तोफा अठरा पौंडी. त्या गोळ्याचा व्यास पाच इंच. फुटाला सूत या हिशेबाने तो दीड मिलिमीटरच्याही आत येतो. एवढा गोल, एवढा काळा आणि एवढा एकसारखा माल जगात एकच आहे, आणि तो आम्ही रोज फोडणीत घालतो. बारीक राई चाळून घेतली आणि तोफांशेजारी चिकटवली. तेव्हा मला कळलं की आपला हा उद्योग नेमका काय आहे. लोक राईचा पर्वत करतात. आम्ही पर्वताची राई करतो. दोन्हीत वेळ सारखाच जातो, पण आमच्या उद्योगात भांडण होत नाही. म्हणजे, बाहेरच्यांशी होत नाही.

या वेडाला मोठी परंपरा आहे, हे मी हिला अधूनमधून सांगत असतो. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारासाठी एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात सुबक लाकडी नमुने व्हायचे. फुटाला दोन सूत! नेपोलियनच्या काळात इंग्लंडमध्ये अडकलेले फ्रेंच युद्धकैदी जेवणातली हाडं उकळून, पांढरी करून त्यांची जहाजं कोरायचे आणि विकायचे. कैदी आणि निवृत्त माणूस यांच्यातलं साम्य मी सांगत बसत नाही. दोघांकडेही वेळ असतो, जेवण वेळेवर मिळतं आणि बाहेर जायचं तर विचारून जावं लागतं. आपल्याकडेही प्रतिकृती आहेतच. वांद्र्याच्या मोत माउलीला नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. ज्याचं जे दुखतं किंवा जे हवं असतं ते तो लहान करून देवापुढे ठेवतो. माझं काय दुखत होतं ते मला नीटसं सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी शेवटचा दोर बांधला. मेस्त्रींना बघायला बोलावलं. ते चपला दाराबाहेर काढून आले, जहाजाभोवती दोन्ही बाजूंनी वाकून फिरले, फळ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काम बरा झाला." मेस्त्रींच्या तोंडून 'बरा' म्हणजे पद्मश्री. चहा संपवून उठता उठता त्यांनी विचारलं, "ह्यां विलायतेचा झाला. आपली गुराब कधी करतलास?"

मी म्हटलं, "मेस्त्री, तिचा नकाशा कुठे आहे?"

ते म्हणाले, "आमचो आजो होडये बांधी. तेच्याकडे कागद नव्हतो. तेचो नकाशो डोळ्यात."

त्या रात्री मला झोप आली नाही. 'ट्रिंकोमाली'ची प्रत्येक फळी, प्रत्येक कप्पी कागदावर आहे. इंग्रजाचं जहाज बुडालं तरी कागद उरतो, तशी व्यवस्थाच त्याने करून ठेवलेली. आणि ज्या गुराबांनी पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगिजांना आणि इंग्रजांना घाम फोडला, १७२१ मध्ये दोघे मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले तेव्हा ज्यांच्या जोरावर कान्होजी आंग्रे हलले नाहीत, त्यांचं चित्र डोळ्यापुढे आणायला आम्हाला इंग्रजांचीच वर्णनं उघडावी लागतात. ऑर्म नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. गुराबीला दोन किंवा तीन डोलकाठ्या, दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीनची तीनशेपर्यंत. बूड उथळ, म्हणजे खाडीत शिरता येईल असं. लांबीच्या मानाने रुंद, आणि पुढे चोचीसारखी बाहेर आलेली नाळ, तिच्यावर समोर मारा करणाऱ्या तोफा. गुराब शब्द अरबी. अर्थ कावळा. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचं, वाऱ्याने दगा दिला तर चाळीस-पन्नास वल्ह्यांनी हाकायचं. वारा पडला की गलबतांनी गुराबांना ओढत न्यायचं आणि शत्रूच्या पिछाडीवर तोफा लावायच्या.

तो ताफा फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळाला. वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले होते आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. तुळाजी आंग्र्यांवरचा राग म्हणून आपणच आपलं आरमार जाळायला हातभार लावला. नकाशे नव्हतेच, नमुनेही गेले. मेस्त्रींच्या गावाकडे वाघोटणच्या खाडीकाठी आंग्र्यांची गोदी अजून आहे. पाळणा राहिला आणि पोर गेलं.

मग नकाशाशिवाय जहाज होतच नाही का? तर होतं. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. तेवढ्या चित्रावरून गोव्यात केरळच्या कारागिरांनी 'कौंडिण्य' बांधलं. एकही खिळा न वापरता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून. शिवून! हे वाचल्यावर हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. आधी त्याचा लहान नमुना करून मद्रासच्या आयआयटीत पाण्यात तपासला, मग मोठं जहाज. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं, डिसेंबरात पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोचलं. मोठ्यांनाही आधी लहान करूनच बघावं लागतं, याचा मला फार आधार वाटला.

हल्ली मी संध्याकाळी जेसल पार्कच्या चौपाटीवर जातो. समोर वसईची खाडी, डावीकडे रेल्वेचा पूल, पलीकडे पाणजू बेट. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये घेतलेला वसईचा किल्ला याच खाडीच्या तोंडाशी. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे भाईंदरहून रो-रो जाते, मोटारी पोटात घेऊन. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर तिथे आपली पहिली लढाऊ जहाजं बांधायला काढली, पोर्तुगीज कारागीर हाताशी धरून. कल्याणहून समुद्र गाठायला वाटा दोनच, एक ठाण्याची खाडी आणि दुसरी ही. यातली काही जहाजं इथून, आज भेळवाला उभा राहतो त्याच्यासमोरून, गेली असतील का, असा विचार करत मी उभा असतो. नाळ जुळते म्हणतात ती अशी कुठेही जुळते. मी हार्टलपूलची इतकी वर्षं पूजा बांधली आणि घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर काय आहे ते पाहिलं नव्हतं. लायन गेटची चूक मी इथे दुसऱ्यांदा केली होती.

काठावर चिखलात एक जुनी लाकडी होडी आडवी करून ठेवलेली दिसली. एक म्हातारे कोळीदादा तिच्या फटीत कापूस ठासत बसले होते. आजूबाजूच्या सगळ्या होड्या फायबरच्या, ही एकच लाकडाची. मी जवळ जाऊन उभा राहिलो. जरा वेळाने विचारलं, "दादा, किती फुटांची आहे?"

"मोजली नाय कधी."

"मग बांधली कशी?"

त्यांनी वर पाहिलं. "बघून."

दुसऱ्या दिवशी मी हिची शिलाईची टेप खिशात घालून गेलो. दादांनी हरकत घेतली नाही, उलट टेपचं एक टोक धरलं. पाच टेपा झाल्या आणि वर तीन फूट. चिखलात चप्पल रुतली ती तिथेच राहिली. घरी येऊन मी वहीत आकडे मांडले. नाळ किती उचललेली, पोट कुठे सर्वांत रुंद, फळ्या किती, कुठली फळी कुठे निमुळती होते. मेस्त्रींनी डोळ्यातल्या नकाशाची गोष्ट सांगितली होती ती काय असते, हे तेव्हा कळलं. त्या होडीची एकही रेघ सरळ नव्हती आणि एकही चुकलेली नव्हती. गुराबीचा नकाशा काही मला सापडणार नाही. पण तिच्या नात्यातली ही एक म्हातारी अजून खाडीच्या काठावर आहे, तोवर तिला तरी कागदावर आणू.

तुम्हीही खाडीकाठी राहत असाल, आणि आपल्याकडे खाडीकाठी कोण राहत नाही, तर एखादी लाकडी होडी दिसली की टेप लावून ठेवा. सुतारकाम येत नसलं तरी चालेल, टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी भेटतं.

होडी अठ्ठावीस फुटांची भरली. फुटाला सूत धरून साडेतीन इंच. त्या साडेतीन इंचांचं काम सुरू होऊन सात महिने झाले, आणि शिलाई मशीन अजून बंद आहे.